दादा म्हणतो, सरकार नेण्याआधी तोडून टाकू

पत्र

नमस्कार. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, घाटाच्या पायथ्याला. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. मागे घर, थोडी भाताची कुणगी आणि डोंगरातलं सात हेक्टर रान आहे. दोघं भाऊ आणि मी, तिघंही गावाबाहेर असतो. गेल्या महिन्यात एक लाकूडवाला दादाकडे आला. 'सगळं रान उभं घेतो, साडेचार लाख देतो, तुम्ही फक्त सह्या द्या, परवानगीचं मी बघतो. शिमगा झाला की माणसं लावतो,' म्हणाला. दादा तयार आहे. त्याचं म्हणणं असं की सातबाऱ्यावर 'खाजगी वने, ३५(३)' असा शेरा आहे, म्हणजे आज ना उद्या सरकार नेणारच. शिवाय इको सेन्सिटिव्ह, म्हणजे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र, लागू झालं की स्वतःच्या जागेत गोठाही बांधता येणार नाही. त्याआधी तोडून मोकळं व्हावं आणि काजू लावावी. धाकटा म्हणतो, तुम्ही ठरवाल ते. मला मात्र ते रान तोडायचं नाही. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, वरच्या अंगाला एक जुना बेहडा आहे, त्याच्या ढोलीत दरवर्षी गरुडाची, म्हणजे पुस्तकातल्या महाधनेशाची, जोडी येते. वडिलांनी तीनदा तोड दिली, पण त्या झाडाला कुऱ्हाड लावू दिली नाही. हे बोलले की दादा म्हणतो, तू लग्न होऊन गेलीस, तुला काय कळतंय. खरंच सरकार रान नेणार आहे का? मी काय करू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर

ताई,

आधी एवढंच सांगतो: कशावरही सही करू नका. लाकूडवाल्याच्या कागदावर नको, आणि 'नुसती फॉर्मॅलिटी आहे' म्हणून घरातल्या कुणी पुढे केलेल्या हक्कसोड पत्रावरही नको. बाकीचं आता सावकाश बोलू.

दादाच्या 'सरकार नेणार' या वाक्यात काळ चुकला आहे. ज्या कायद्याचा शेरा तुमच्या सातबाऱ्यावर आहे, तो महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम १९७५ सालचा. ३० ऑगस्ट १९७५ या दिवशी जी जमीन त्या कायद्याच्या व्याख्येत 'खाजगी वन' होती, ती त्याच दिवशी शासनाच्या मालकीची झाली. त्यासाठी वेगळा आदेश लागला नाही की मोजणी लागली नाही. कसणुकीखालची जमीन आणि छोट्या मालकांसाठी काही सवलती होत्या, त्यातली छोट्या मालकांची पुढे सांगतो. तेव्हा प्रश्न 'नेणार का' असा नाहीच, 'पन्नास वर्षांपूर्वी नेलंय का' असा आहे. नेलं असेल तर तुमचा दादा सरकारचं जंगल विकायला निघालाय. नेलं नसेल, तर या शेऱ्याच्या धाकाने घाईघाईत तोडण्याचं कारणच उरत नाही. दोन्हीकडून लाकूडवाल्याची घाई तेवढी खरी, तुमची नाही.

आता ३५(३) म्हणजे काय ते बघू. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम ३५ प्रमाणे सरकारला खासगी मालकीच्या रानातही तोड, चराई, नांगरट यांवर बंधनं घालता येतात. पण त्याआधी पोटकलम ३ खाली मालकाला नोटीस द्यायची आणि त्याचं म्हणणं ऐकायचं. १९५५ नंतरच्या काही वर्षांत अशा नोटिसा भराभर निघाल्या. कितीतरी नोटिसा राजपत्रात छापल्या गेल्या आणि मालकाच्या हातात कधी पडल्याच नाहीत. पुढची सुनावणीही झाली नाही. मग १९७५ चा कायदा आला. त्याच्या व्याख्येत 'जिच्याबाबत ३५(३) ची नोटीस काढली आहे अशी जमीन' हाही एक प्रकार होता. त्यानंतर फाइली झोपल्या, आणि बऱ्याच वर्षांनी त्या जुन्या नोटिसांवर बोट ठेवून सातबाऱ्यावर शेरे पडू लागले. आजोबांच्या वेळची नोटीस, नातवाच्या सातबाऱ्यावर शेरा.

यातलं मुंबईतलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. गोदरेज अँड बॉइसच्या विक्रोळीच्या जमिनीचं. नोटीस १९५६ च्या सुमारासची. ३० जानेवारी २०१४ ला निकाल लागला. न्यायालयाने सांगितलं, नोटीस नुसती काढून भागत नाही, ती मालकावर बजावली गेली पाहिजे, त्याला बाजू मांडायची संधी मिळाली पाहिजे, आणि पुढची कारवाई वाजवी मुदतीत झाली पाहिजे. अर्धशतक पडून राहिलेली नोटीस उकरून काढून जमीन शासनाची झाली असं म्हणता येणार नाही. मुंबई-ठाण्यातल्या कितीतरी घरमालकांचा जीव त्या दिवशी भांड्यात पडला.

तुमचं प्रकरण त्यात बसतं का, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. ते सांगेल फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या बदलाची नोंद. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात तो शेरा जिथे आहे, तिथेच बाजूला कंसात किंवा गोलात एक आकडा असेल. तो फेरफाराचा क्रमांक. त्या क्रमांकाची नक्कल मागायची, म्हणजे गाव नमुना सहामधली नोंद. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण नक्कल तीच. त्यात तारीख बघा, कुठल्या आदेशावरून नोंद झाली ते बघा, आणि ती मंजूर करताना तुमच्या वडिलांना किंवा आजोबांना नोटीस दिल्याचा उल्लेख आहे का ते बघा. जुने हस्तलिखित सातबारेही काढा, १९७५ च्या अलीकडचे आणि पलीकडचे. ऑनलाइन सातबाऱ्यावर समाधान मानू नका, संगणकावर चढवताना अर्धं गळालेलं मी पाहिलंय.

मालकाच्या जागी 'महाराष्ट्र शासन' लिहिलंय की अजून वडिलांचंच नाव आहे, हा सगळ्यात मोठा फरक. पत्रावरून वडिलांचं नाव असावं असं वाटतं. तसं असेल आणि शेरा फक्त इतर हक्कात असेल, तर एक शक्यता अशी की नोटीस अर्धवट राहिली आणि शेरा मागाहून पडला. दुसरी अशी की जमीन १९७५ ला शासनाकडे गेली आणि नंतर परत मिळाली. या कायद्याच्या कलम २२ अ मध्ये अशी सोय होती, की संपादन झालेलं रान धरून ज्या मालकाची एकूण जमीन १२ हेक्टरच्या आत होती, त्याला ते रान परत द्यावं. तुमचं सात हेक्टर रान, त्यात कुणगी मिळवली तरी आजोबा त्या मर्यादेत बसत असावेत. वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत 'परत' किंवा 'पुनर्स्थापित' असा शब्द असलेला एखादा पिवळा पडलेला आदेश सापडतो का बघा. आणि वाद असलाच, तर जमीन खाजगी वन आहे की नाही हे ठरवायला कलम ६ खाली महसूल अधिकाऱ्याकडे चौकशी होते. वकील लावायचा तर तिथे लावा, साठेखतापाशी नको.

इथपर्यंत वाचून दादा म्हणेल, शेरा उडाला की रान आपलं, मग तोडायला मोकळे. तसं नाही.

१२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात जंगलाची व्याख्या मोकळी केली. शब्दकोशाच्या अर्थाने जे जंगल, ते जंगल. मालक कोणीही असो. ज्यांच्या नावाने हे प्रकरण चालतं ते गोदावर्मन तिरुमुलपाड केरळातल्या निलंबूरच्या जुन्या राजघराण्यातले. त्या घराण्याचं गुडलूरकडचं रान सरकारकडे गेलं होतं, आणि सरकारच्या ताब्यात ते तुटताना बघवेना म्हणून त्यांनी अर्ज केला. देशातल्या प्रत्येक खासगी रानमालकाला आज ज्या निकालाचा जाच वाटतो, तो मागायला गेलेला माणूस स्वतः एका रानमालकाच्या घरातला होता. असो.

२०२३ मध्ये केंद्राने वन संवर्धन कायदा बदलला आणि ही मोकळी व्याख्या आवळायचा प्रयत्न केला: अधिसूचित जंगल, किंवा २५ ऑक्टोबर १९८० नंतर सरकारी दप्तरात जंगल म्हणून नोंदलेली जमीन, एवढंच धरायचं. १ डिसेंबर २०२३ पासून तो लागू झाला. पण १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तूर्त शब्दकोशाचीच व्याख्या धरून चाला. तुमच्या रानात जाऊन कोणीही उभं राहिलं तर त्याला ते जंगल म्हणावं लागेल. शिवाय सातबाऱ्यावर 'वने' हा शब्द लिहिलेलाच आहे.

मग काय होतं? दादाचा काजूचा बेत अडकतो. वन संवर्धन कायद्यात 'वनेतर वापर' कशाला म्हणायचं ते लिहिलंय, आणि त्यात घर, खाण, प्लॉटिंग यांच्या जोडीला फळबागेसाठी जंगल साफ करणंही येतं. जेसीबी लावून डोंगर सपाट करायचा, टप्पे पाडायचे आणि काजू लावायची, याला केंद्राची मंजुरी लागते. हे लाकूडवाला सांगणार नाही, कारण तो लाकूड भरून गेलेला असेल.

नुसत्या तोडीचा कायदा वेगळा. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४. त्याच्या अनुसूचीतली झाडं, म्हणजे साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा अशी, मालकाच्या जमिनीत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. अर्ज मालकाच्या नावाने होतो. सगळ्या सहहिस्सेदारांची संमती लागते, मग वनखात्याचा माणूस येऊन झाडं मोजतो, हातोडा मारतो, आणि वाहतुकीचा पास निघतो. 'परवानगीचं मी बघतो' याचा अर्थ पुष्कळदा असा असतो, की पास पन्नास झाडांचा आणि ट्रक पाचशे झाडांचे. गुन्हा नोंदला गेला तर अर्जावर सही कोणाची? तुमची. व्यापारी तोवर पुढच्या तालुक्यात.

तुमच्या बेहड्याचं मात्र नशीब बघा. हिरडा अनुसूचीत आहे, बेहडा नाही. आंबा-फणसाला कायद्यात जागा आहे, पण ज्याच्या खोडात महाधनेशाची मादी स्वतःला चिणून घेऊन पिल्लं वाढवते, चोच जाईल एवढी फट ठेवते आणि नर तिथून तिला फळं भरवतो, ते झाड यादीत नाही.  यादी काही पक्ष्याला विचारून केलेली नाही. आणि तो लाकूडवाला शिमग्यानंतर येणार, म्हणजे नेमकी मादी आत असताना.

इको सेन्सिटिव्हची भीती आता. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा पहिला मसुदा २०१४ चा, सहावा ३१ जुलै २०२४ चा. त्यात महाराष्ट्रातलं सतरा हजारांवर चौरस किलोमीटर क्षेत्र धरलंय. त्यात बंदी आहे ती खाणी, दगडाच्या क्वॉरी, औष्णिक वीज प्रकल्प, सर्वाधिक प्रदूषणाच्या 'लाल' गटातले कारखाने आणि वीस हजार चौरस मीटरच्या वरची बांधकामं यांवर. शेती, बागायत यांवर बंदी नाही, जमिनीच्या खरेदी-विक्रीवर नाही, गोठ्यावर तर नाहीच. गावोगावच्या सभांत 'घराचा पत्रा बदलायला दिल्लीला जावं लागेल' असं सांगत कोण फिरलं आणि त्यातल्या किती जणांचे डंपर चालतात, हे तुमच्या गावातले लोक मला सांगण्याआधी ओळखतील.

आता दादाची बाजू घेतो, कारण त्याचा राग मला खोटा वाटत नाही.

शेजारच्या ज्या माणसाने चाळीस वर्षांपूर्वी रान साफ केलं, त्याच्या सातबाऱ्यावर शेरा नाही. त्याला काजू लावायला फुंडकर फळबाग योजनेतून अनुदान मिळालं. त्याची जमीन मुंबईच्या पार्टीने चांगल्या दराने घेतली. तुमच्या वडिलांनी रान राखलं, त्यांना काय मिळालं? शेरा. बक्षीस तोडणाऱ्याला आणि जबाबदारी राखणाऱ्याला, अशी ही व्यवस्था आहे. प्रत्येक नवा नियम येणार असं कळलं की कोकणात कुऱ्हाडी आधी चालतात, याचं कारण लोक अडाणी आहेत हे नव्हे. त्यांना अनुभवाने कळलंय की झाड उभं ठेवणं म्हणजे सरकारच्या नजरेत येणं.

पश्चिम घाटाचा अभ्यास करणाऱ्या माधव गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात सुचवलं होतं, की खासगी जमिनीवरची नैसर्गिक झाडी वर्षानुवर्षं राखणाऱ्याला संवर्धनाच्या सेवेचा मोबदला द्यावा. त्या अहवालावर रणकंदन झालं ते बंदीच्या भागावर. मोबदल्याच्या पानावर कोणी मोर्चा काढला नाही, बाजूने नाही आणि विरोधातही नाही. कोस्टा रिकासारखा लहानसा देश १९९७ पासून इंधनावरच्या करातून रानमालकांना पैसे देतोय. आपल्याकडे २०२३ मध्ये ग्रीन क्रेडिट ही केंद्राची योजना आली, तीही उजाड जागी झाडं लावणाऱ्यासाठी. ज्याचं रान उजाड झालंच नाही त्याचा त्यात हिशेब नाही. कार्बन क्रेडिटच्या नावाने कोणी करारनामा घेऊन आला तर त्यालाही हाच प्रश्न विचारा: आधीपासून उभ्या असलेल्या झाडांचे पैसे नक्की कोण देणार, आणि किती वर्षं माझी जमीन बांधून घेणार?

धोरण बदलतच नाही असंही नाही. बांबू कायद्याने झाड होता, म्हणून आपल्या बांधावरचा बांबू तोडायलाही पास लागायचा. २०१७ च्या अखेरीस जंगलाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून काढला, आणि काम सोपं झालं. रानमालकांनी एकत्र येऊन अशा एकेका गोष्टीचा पाठपुरावा केला तर होतं. पण रानमालकांची संघटना कुठाय? आंब्याची आहे, काजूची आहे, मच्छीमारांची आहे. रानाचे मालक डोंबिवली, विरार, नालासोपाऱ्यात विखुरलेले, आणि त्यांना रान आठवतं ते लाकूडवाल्याचा फोन आल्यावर.

माझ्या घरचंही सांगतो. आमचं राजापूरकडचं रान काकांनी तीसेक वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याला उभं दिलं. पैसे आले, त्यात घराचं कौल बदललं आणि एक लग्न झालं. ऐन आणि किंजळ बुंध्यातून फुटले, दहा वर्षांत रान पुन्हा हिरवं दिसायला लागलं, आणि सगळे म्हणाले, बघा, काही बिघडलं नाही. बिघडलं ते पऱ्यात. पूर्वी तो मे महिन्याच्या मध्यापर्यंत वाहायचा. आता होळीला त्याच्यात दगड मोजता येतात. खालच्या वाडीची विहीर त्याच पाण्यावर होती. जाड झाडं एकही उरली नाहीत, सगळी मांडीएवढी, एका वयाची, शाळेच्या रांगेत उभी केल्यासारखी.

म्हणून मी तोडीच्याच विरोधात आहे असं समजू नका. तुमच्या वडिलांनी तीनदा तोड दिली आणि तरी रान रान राहिलं, यातच उत्तर आहे. त्यांनी काय ठेवलं होतं ते आठवा: पऱ्याच्या दोन्ही अंगांची झाडी, जुनी खोडं, तो बेहडा. दादाला पैशाची खरी गरज असेल तर रीतसर परवानगी काढून एका तुकड्यातली जळाऊ तोड द्या, झाडं आधी स्वतः फिरून रंगाने खुणा करून. उभं रान मात्र नको. साडेचार लाखांचे तिघांत दीड-दीड होतात, आणि डोंबिवलीत त्यात काय येतं ते तुम्हाला माहीत आहे. एकरी हिशेब केला तर पंचवीस-सव्वीस हजार पडतात. दादाला हा आकडा एकरी सांगा. माणसं 'साडेचार लाख' ऐकून भुलतात, 'एकरी सव्वीस हजार' ऐकून चमकतात.

दुसरा रस्ताही तुमच्याच तालुक्यात आहे. पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था संगमेश्वर भागात खासगी रानमालकांशी रान न तोडण्याचे करार करत आली आहे, आणि हिरडा-बेहड्याची फळं झाडाला धक्का न लावता गोळा करून फेअरवाइल्ड प्रमाणपत्राखाली विकण्याचं कामही तिने केलंय. त्यातून कोणी श्रीमंत होत नाही. पण दादाला 'रानातून एक रुपया येत नाही' असं म्हणता येणार नाही. जाऊन बोला, अटी वाचा, मुदत किती ते विचारा, पटलं तरच.

राहिलं 'तू लग्न होऊन गेलीस'. वडिलांच्या मागे मुलगी वारस असतेच, आणि हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीतही तिचा हिस्सा मुलाइतकाच. तुमच्या सहीशिवाय हा व्यवहार रीतसर होऊच शकत नाही, आणि लाकूडवाल्याला ते पक्कं ठाऊक आहे, म्हणूनच तो सह्या मागतोय. दादाशी भांडताना हे पहिल्याच वाक्यात फेकू नका. तो तुमचा शत्रू नाही, घाबरलेला आहे. पण तुम्हाला ते माहीत असू द्या.

वारस नोंद झाली नसेल तर आधी तो अर्ज टाका, वडिलांचा मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडून. नाव लागलं की फेरफाराच्या नकला तुम्ही स्वतःच्या नावाने मागू शकता. शिमग्याला पालखीसाठी भाऊ गावी येतीलच, त्याआधी एक रविवार काढून तुम्ही जाऊन या. तलाठी सजा रविवारी बंद असते, तेव्हा सोमवारची रजा टाका. रविवारी रानात चढा, मोबाइलमध्ये त्या बेहड्याचा फोटो घ्या, ढोलीच्या फटीखाली पडलेल्या बिया दिसल्या तर त्यांचाही. फार जवळ जाऊ नका, नर आला की तो बाजूच्या झाडावर थांबून राहतो आणि मादी उपाशी राहते. ते फोटो घरच्या ग्रुपवर टाका, वर काहीही न लिहिता. धाकटा 'तुम्ही ठरवाल ते' म्हणतोय, त्याने तो बेहडा शेवटचा कधी पाहिला होता ते मला कळवा.